केमनला २० इंची चाकं टाकावी का? आधी टायर ठरवा, मग चाक

दारव्ह्याच्या एका भावाचा प्रश्न आहे. घरची जिनिंग आहे. २०१८ सालची पोर्शे ७१८ केमन सेकंडहँड घेतली, खाली कंपनीची १८ इंची चाकं आहेत. ती काढून २० इंची फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेली, टाकायची आहेत. पैशाची अडचण नाही. गाडी गावातून जिल्हा रस्त्याने कारंज्यापर्यंत येते आणि तिथून समृद्धीने नागपूरला जाते. विचारलंय की कोणती कंपनी घेऊ, आणि चाकाच्या कमानीत जी पोकळी दिसते ती भरायला चाक किती बाहेर काढू?

भाऊ, तुम्ही सुरुवात कंपनीपासून केली, मी तुमच्या रस्त्यापासून करतो. पुण्यात रॅलीच्या गाड्यांची चाकं बसवत उमेदवारी केली आणि आता इकडे ट्रॅक्टरच्या टायरपासून समृद्धीवरून फुगा आलेला टायर घेऊन उतरणाऱ्या मोठ्या गाड्यांपर्यंत सगळं पाहतो. त्या अनुभवावरून माझं मत असं: २० इंची घेऊ नका. १८ च ठेवा, पण फोर्ज्ड घ्या. फारच मन होत असेल तर १९, आणि तिथे थांबा. पैसा चाकाच्या घडणीवर लावा, आकारावर नको.

कारण आकड्यांत आहे. तुमच्या गाडीला पोर्शे १८ इंचीत पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५ देते (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच ते). १९ इंचीत तेच २३५/४० आणि २६५/४० होतात, २० इंचीत २३५/३५ आणि २६५/३५. आता हिशोब मांडा. पुढच्या टायरचा पूर्ण व्यास १८ मध्ये ६६९ मिलिमीटर येतो, १९ मध्ये ६७१, २० मध्ये ६७३. म्हणजे चाक दोन इंचांनी वाढलं तरी टायरसकट उंची जेमतेम ४ मिलिमीटर वाढते. वाढलेला सगळा धातू रबर खाऊन आलेला असतो. पुढच्या टायरची बाजूची भिंत १८ मध्ये १०६ मिलिमीटर आहे, १९ मध्ये ९४ आणि २० मध्ये ८२. जवळजवळ इंचभर रबर गेलं. खड्ड्याचा मार खायला तेवढंच रबर असतं, मागे दुसरं काही नसतं.

इथेच एक गैरसमज मोडतो, कारण दुकानात रोज ऐकतो. मोठं चाक टाकलं की गाडी उंच होते, ब्रेकरला घासत नाही, असं लोक समजतात. टायरचा बाहेरचा व्यास तोच राहिला तर गाडी केसभरही वर उठत नाही. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मानकाप्रमाणे गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्या गावांत एखाद्या रात्री मुरूम, गिट्टी आणि उरलेलं डांबर टाकून जो तयार होतो, त्याला ना रुंदी ना उतार. त्यावर केमन तिरपी घालून, पाऊल मोजत चढवणं हाच उपाय आहे. त्याला चाक मदत करणार नाही.

आता रस्ता. दारव्हा-कारंजा पट्टा काळ्या मातीचा. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून भेगाळते, म्हणून तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो आणि कडा तुटतात. त्यात कास्तकाराने विहिरीची पाइपलाइन पलीकडच्या वावरात न्यायला रस्ता आडवा फोडलेला असतो, ती चरी मातीने बुजवलेली, पहिल्या पावसात बसलेली. माझ्याकडे येणाऱ्या तुटक्या चाकांपैकी बहुतेक खड्ड्याची नसतात, या चरीची असतात. खड्डा लांबून दिसतो. चरीची कड धारदार असते आणि रस्ता वरून सपाट दिसतो. साठच्या वेगाने चाक तीत पडलं की टायर रिमची कड आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये चेपला जातो. आतले दोरे तुटतात, दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. भिंत जितकी ठेंगणी तितकं हे लवकर होतं आणि पुढचा मार थेट रिमला बसतो.

समृद्धीवर तुम्हाला २० इंची छान वाटेल, हे मान्य. सिमेंटचा सरळ रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, ठेंगण्या भिंतीमुळे स्टिअरिंगला चटकन उत्तर. पण शिवमडक्याला, समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, उतरणाऱ्या तुमच्या गाडीने आधी गावातला रपटा आणि चरीचा रस्ता पार केलेला असतो. चाक त्या पट्ट्यासाठी निवडायचं असतं. शिवाय सिमेंटच्या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी टायर चांगलाच तापतो. ज्याला आधी आतून मार बसलाय तो टायर तिथे, वेगात असताना दगा देतो. चरीने केलेली जखम समृद्धीवर फुटते, आणि लोक दोष सिमेंटला देतात.

१८ मध्ये एक अडचण आहे, ती लपवत नाही. मागचं २६५/४५ आर १८ हे माप फार गाड्यांना लागत नाही, त्यामुळे दुकानात तयार मिळेलच असं नाही. १९ च्या मापात पर्याय जास्त असतात. म्हणून चाकाला ॲडव्हान्स देण्याआधी नागपुरातल्या दोन-तीन टायरवाल्यांना फोन करा आणि विचारा की या मापात काय येतं, किती दिवसांत येतं आणि त्यावर तयार झाल्याचा आठवडा-वर्ष कोणतं छापलंय. टायरच्या भिंतीवर एन ०, एन १ अशी खूण असली तर तो पोर्शेने स्वतः तपासून मान्य केलेला. चारही टायर एकाच खुणेचे घ्या, सरमिसळ नको. १८ चा चांगला टायर वेळेवर मिळतच नाही असं दिसलं, तर १९ घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे. तुमच्या गाडीला मागचं-पुढचं चाक अदलाबदल करता येत नाही आणि डिकीत स्टेपनीही नाही, फक्त पंप आणि पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली. भिंत फाटली तर ती बाटली काही कामाची नाही. गाडी उचलून नागपूरलाच न्यावी लागते, आणि टायर येईपर्यंत ती तिथेच उभी.

आता फोर्ज्डवर एवढा भर काहून, ते सांगतो. अलॉय चाक तीन तऱ्हांनी बनतं. कास्ट म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतणं. गुळाची ढेप ओतल्यावर आत हवेचे बुडबुडे राहतात तसे यातही राहू शकतात, म्हणून जाडी जास्त ठेवावी लागते. फ्लो फॉर्मिंगमध्ये मधला भाग ओतलेलाच असतो, पण बाहेरची पट्टी तापवून, फिरवत, रुळांनी दाबून ताणतात. पट्टी पातळ आणि चिवट होते. फोर्ज्डमध्ये धातूचा घन गोळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबतात आणि मग यंत्रावर कोरून काढतात. धातू बहुतेक वेळा ६०६१ या नंबरचं ॲल्युमिनियमचं मिश्रण, त्याला टी ६ ही उष्णतेची प्रक्रिया दिलेली. फायदा दोन प्रकारचा. तेवढ्याच ताकदीला वजन कमी लागतं. १८ इंची, ८ ते साडेआठ जे (म्हणजे तेवढे इंच) रुंदीचं चांगलं फोर्ज्ड चाक साधारण ८ ते ९ किलोंत बसतं, कास्ट ११-१२ च्या घरात जातं. हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि त्यातलं बरंच कडेला फिरत असतं, म्हणून उबडखाबड रस्त्यावर चाक जमिनीला जास्त चिकटून राहतं. सीटवर बसल्या बसल्या फरक कळतो. दुसरा फायदा आपल्यासाठी मोठा: जबर मार बसला तर फोर्ज्ड चाक वाकतं, कास्ट तडकतं. वाकलेल्या चाकाने हळूहळू कारंज्यापर्यंत येता येतं.

पण वाकलेलं चाक सरळ करायला गॅसने तापवू देऊ नका. तापवलं की टी ६ ची ताकद निघून जाते आणि चाक दिसायला नवं, आतून मऊ होतं. तडकलेल्यावर आर्गन वेल्डिंग करून रंग मारून देणारे आहेत, काम हातोहात करून देतात. अशा चाकाला बंडी चालेल, समृद्धी नाही.

चाकाची चाचणी कशी होते ते माहीत असलं की विक्रेत्याला प्रश्न विचारता येतात. आयएसओ ७१४१ ही आघाताची चाचणी आहे. टायर चढवलेलं चाक १३ अंशांच्या तिरप्या बैठकीवर बसवतात आणि २३० मिलिमीटर उंचीवरून त्याच्या कडेवर वजन सोडतात. ते वजन किती? चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. चाकाला आरपार तडा नको आणि एका मिनिटात हवा जायला नको. म्हणजे चाकावर कमाल भार जितका जास्त लिहिलाय तितका कठोर मार त्याने सोसलेला असतो. म्हणून मागच्या बाजूला प्रत्येक चाकावर कोरलेला भार वाचा. तुमच्या गाडीचं भरल्या वजनाचं माप साधारण १,७०० किलोंच्या आत आहे आणि इंजिन मधे असल्याने निम्म्याहून जास्त मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे ६०० किलोंच्या वरचा आकडा पाहा, ७०० च्या आसपास मिळाला तर उत्तम. जपानी चाकावर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशा दोन खुणा असतात. पहिली म्हणजे निर्मात्याने मानक पाळल्याची ग्वाही, दुसरी म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासल्याची. दोन्ही हव्यात. जर्मन चाकाला टीयूव्हीचे, म्हणजे तिकडच्या तपासणी संस्थेचे, कागद मागा. मेसेजवर चाकाचे चकचकीत फोटो पाठवणारा विक्रेता चाचणीचे कागद मागितले की गप्प बसला, तर तुम्हीही गप्प बसा.

कंपन्या थोडक्यात. फोर्ज्ड चाक पोर्शेला परकं नाही, १९६६ साली ९११ एस या गाडीला ओटो फुक्स कंपनीची फोर्ज्ड चाकं देऊनच तिची ओळख झाली. जपानच्या रेजची व्होल्क रेसिंग मालिका आणि बीबीएस जपान यांच्या फोर्ज्ड चाकांवर मी डोळे झाकून भरवसा ठेवतो. इटलीच्या ओझेडचंही तसंच, फक्त त्यांच्याकडे कास्ट मालही भरपूर आहे, तेव्हा मॉडेल पाहून घ्या. अमेरिकेच्या एचआरईकडे मापाप्रमाणे बनवून मिळतं. तुमचा पीसीडी ५ बाय १३० आहे, म्हणजे पाच बोल्ट १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, तो थोड्याच गाड्यांना येतो, म्हणून तयार मालात निवड कमी आणि मापाने बनवून घ्यायची पाळी जास्त. थांबावं लागेल, कस्टम ड्युटीही लागेल. ५ बाय ११२ चं चाक ॲडॉप्टर लावून बसवून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ उठा. आणि दोन-तीन तुकड्यांची, कडेला छोटे बोल्ट असलेली चाकं दिसायला देखणी, पण त्यांचे जोड सीलंटवर असतात. आपल्या दणक्यांत हवा झिरपायला लागली की ती पूर्ण उघडून पुन्हा बसवणारा माणूस जवळपास कुठे शोधाल? एकसंध घ्या.

नक्कल फार आहे. व्होल्क रेसिंगच्या १९९६ पासूनच्या टीई ३७ इतकं नकललेलं चाक दुसरं नसेल. पार्सल आलं की टायर चढवण्याआधी ते जिनिंगमधल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. निर्मात्याने त्या मापाला जे वजन जाहीर केलंय त्यापेक्षा दोन-अडीच किलो जास्त भरलं, तर ते चाक कास्ट आहे, मग त्यावर काही का कोरलेलं असेना.

आता कमानीतली पोकळी. तुमच्या गाडीला पुढे १८ इंचीत ८ जे, ईटी ५७ येतं, मागे ९.५ जे, ईटी ४९. ईटी म्हणजे चाक हबला (ज्या गोल भागावर ते बोल्टने बसतं त्याला) जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. हा आकडा कमी केला की चाक बाहेर येतं. समजा पुढे साडेआठ जे, ईटी ५० घेतलं. ईटीमुळे चाक ७ मिलिमीटर बाहेर सरकलं, अर्धा इंच रुंदी दोन्हीकडे वाटली गेली ती साडेसहा धरा. बाहेरची कड एकूण साडेतेरा मिलिमीटर बाहेर आली, आतली जवळपास जागेवर. डोळ्याला पोकळी भरलेली दिसते, आणि एवढ्यावर मी थांबतो. याच्याही पुढे काढलं तर खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, बेअरिंगवर तिरका भार येतो आणि गिट्टी सरळ दारावर उडते. मागे ९.५ जे आणि ईटी ४९ च्या आसपासच राहा. काही लोक गाडी खाली बसवून पोकळी भरतात. दारव्ह्यात राहून ते करायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका.

ब्रेकच्या कॅलिपरचं, म्हणजे ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागाचं, माप घ्यायचं राहून जातं. १८ इंचीत आतली जागा मोजकीच, त्यामुळे निर्मात्याकडून कॅलिपरचा कागदी साचा मागवून पुठ्ठ्यावर कापा आणि ब्रेकवर धरून पाहा. हबचं मधलं भोक ७१.६ मिलिमीटरचं. नवं चाक त्याच भोकाचं घ्या. मोठ्या भोकाचं घेऊन रिंग टाकायचीच वेळ आली तर ॲल्युमिनियमची टाका, प्लास्टिकची ब्रेकच्या तापाने मऊ पडते आणि मग गाडी ऐंशीला थरथरते.

पावसाळ्यात एक वेगळाच थरथराट येतो. पांदण रस्त्याने किंवा वावरातून काढलेल्या गाडीच्या चाकात आतल्या बाजूला काळा चिखल बसतो, रात्रीतून वाळून घट्ट होतो आणि सकाळी समृद्धीवर गाडी नव्वदला डुलायला लागते. लोक बॅलन्सिंगला धावतात. आधी प्रेशरने चाकाची आतली बाजू धुवा, दहापैकी नऊ वेळा तिथेच काम होतं. म्हणून चाक निवडताना पाच-सहा जाड, उघड्या दांड्यांचं घ्या, जाळीदार नको. आत हात आणि पाण्याचा पाइप जायला हवा. रंगात पावडर कोटिंग घ्या. हिऱ्याने कापलेली चमकदार कड एका उन्हाळ्यात गिट्टीने टिपके टिपके होते.

कागदाचं आटोपतं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाबाहेरचे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पोर्शे स्वतः ज्या मापाचे टायर या गाडीला देते त्याच मापात राहिलात आणि चाक कमानीबाहेर डोकावलं नाही, तर कटकट कमी. विमा कंपनीला नव्या चाकांची पावती आणि किंमत लेखी कळवून ती पॉलिसीत चढवून घ्या. साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं तरच मिळतं, आणि टायरच्या किमतीचे निम्मेच.

चाकं बसवायला नागपूरला, रिमला लोखंडी पट्टी न लावता टायर चढवणाऱ्या मशीनवरच जा. हवा मात्र घरीच, पहाटे, गाडी हलवायच्या आधी तपासा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या, पंपावरच्या पोऱ्याचा नको. तापमान दर पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे डिसेंबरच्या दहा अंशांत भरलेली हवा मेच्या पहाटेला तीन-चार पीएसआय जास्त दिसणार. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढू नका. रात्री तोच टायर ढिला पडतो आणि मग ती चरी आहेच. पऱ्हाटीची धसकटं आणि बैलांच्या नालाचे खिळे यांच्यासाठी महिन्यातून एकदा टायरच्या तोंडावरून हात फिरवत जा, हातमोजा घालून.

शेवटचं, बोल्ट. पोर्शेचे बोल्ट एम १४ बाय १.५ चे आणि त्यांचं टोक गोलाकार बसणारं असतं. बाजारातल्या बऱ्याच चाकांना ६० अंशांचं शंकूसारखं टोक लागतं. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत आवळला तर टेकतो फक्त एका रेषेवर, आणि शे-दोनशे किलोमीटरांत ढिला होतो. म्हणून चाक घेताना कोणतं टोक लागतं ते विचारून तेच बोल्ट सोबत मागवा. आवळायचे १६० न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचने, गाडी जमिनीवर ठेवून. इम्पॅक्ट गनने घिर्रर करून झालं असं म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. नागपूरहून घरी पोहोचलात की दुसऱ्या दिवशी, थंड चाकांवर, पुन्हा एकदा तपासा. जुनी १८ ची चाकं विकू नका, नव्यातलं एखादं वाकलं तर तीच गाडी चालवतील. त्यांचे बोल्ट वेगळ्या डब्यात भरून वर ‘जुन्या चाकाचे’ असं लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या कोणी घाईत चाक बदललं तरी चुकीचा बोल्ट हाताला लागायला नको.